कीर्द पानांची

पेढीवरची कीर्द आणि कागदावरचे लेखन यांचे नाते सहसा कोणी जोडत नाही. कीर्द रोज लिहावी लागते. एक दिवस राहिली तर दुसऱ्या दिवशी आठवून लिहावी लागते, आणि दोन दिवस राहिली तर तिसऱ्या दिवशी शिल्लक जुळत नाही, हे गादीवर बसणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असते. लेखनाच्या बाबतीत मात्र हाच शहाणा माणूस सवड, स्फूर्ती आणि निवांतपणा यांची वाट पाहत बसतो. दिवाळी अंकात एखादा लेख छापून आला, चार नातलगांनी फोन करून कौतुक केले, की दुसरा लेख उत्साहाने होतो. तिसऱ्याला उशीर होतो. चौथा होतच नाही. विचारले तर उत्तर एकच मिळते : दुकानातून वेळ कुठे मिळतो?

या प्रश्नाला पुस्तकी उत्तर देऊन भागत नाही, कारण प्रश्न खरा आहे. सकाळी नऊ ते रात्री नऊ दुकान, त्यात उधारीची वसुली, मालाची आवक, नोकरमाणसांच्या अडचणी, महिन्याच्या 11 आणि 20 तारखेला जीएसटीची विवरणपत्रे, घरी वृद्ध आईवडील आणि परीक्षेला बसलेली मुले. एवढ्या व्यापात ज्याने पूर्ण नोकरी सांभाळून आयुष्यभर नियमाने लिहिले आणि ते कसे लिहिले याचा पैन् पै हिशेब मागे ठेवला, असा माणूस शोधला तर तो इंग्लंडच्या टपाल खात्यात सापडतो. अँथनी ट्रोलप हे त्याचे नाव. 1815 ते 1882 हा त्याचा काळ. तेहतीस वर्षांची सरकारी नोकरी आणि सत्तेचाळीस कादंबऱ्या, शिवाय प्रवासवर्णने आणि इतर पुस्तके, असा त्याचा संसार होता.

परंतु या घराण्यातील लेखनाची सुरुवात अँथनीपासून झाली नाही, त्याच्या आईपासून झाली. आणि ती हौसेतून नव्हे, दिवाळखोरीतून झाली. वडील बॅरिस्टर होते, पण स्वभाव तापट असल्यामुळे अशील टिकत नसत. त्यांनी हॅरो येथे शेती घेतली, तीही बुडाली. तेव्हा आई फ्रान्सेस ट्रोलप 1827 साली काही मुलांना घेऊन अमेरिकेला गेली आणि ओहायो नदीकाठच्या सिनसिनाटी शहरात तिने एक मोठा बाजार उघडला. इमारतीवर खर्च अफाट झाला. नवऱ्याने इंग्लंडहून पाठविलेला माल तेथील गिऱ्हाइकाला नको असलेला निघाला. धंदा बुडाला, माल जप्त झाला. व्यापारी घरांना हा प्रकार नवा नाही. गिऱ्हाईक न ओळखता भरलेला माल आणि मालापेक्षा इमारतीवर केलेला खर्च, यांनी अनेक पेढ्या बसविल्या आहेत. या बाईने मात्र बुडालेल्या धंद्यातूनही एक माल परत आणला. अमेरिकेत जे पाहिले ते तिने वह्यांत टिपून ठेवले होते. त्याचे पुस्तक 1832 साली निघाले तेव्हा तिचे वय त्रेपन्न होते. पुस्तक खपले, आणि घराला दीर्घकाळानंतर पैसा दिसला.

तरीही जुने कर्ज फिटले नाही. 1834 साली कुटुंबाला सावकारांच्या भीतीने इंग्लंड सोडून बेल्जियममधील ब्रूज शहरी जावे लागले. तेथे मुलगा हेन्री क्षयाने अंथरुणाला खिळला, नवराही खचला. आई पहाटे चारला उठून मेजापाशी बसे. घर जागे होण्यापूर्वी दिवसाचे लेखन संपवी आणि मग दिवसभर व रात्री रुग्णांची सेवा करी. एकाच खोलीत औषधाच्या बाटल्या आणि शाईची दौत शेजारी शेजारी असत, अशी आठवण अँथनीने पुढे आत्मचरित्रात नोंदविली आहे. डिसेंबर 1834 मध्ये मुलगा गेला, पुढच्या वर्षी नवरा, त्याच्या पुढच्या वर्षी मुलगी एमिली. या काळातही तिची लेखणी थांबली नाही, कारण लेखणी थांबली असती तर चूल थांबली असती. पुढे तिने चाळिसांहून अधिक पुस्तके लिहिली. ती पुस्तके आज फारशी कोणी वाचत नाही. पण ज्या घरात त्या बाईने भाकरी आणली, त्या घराच्या हिशेबात त्यांची किंमत कोणत्याही अभिजात ग्रंथापेक्षा कमी नव्हती.

अँथनी त्याच 1834 साली लंडनच्या मुख्य टपाल कार्यालयात वार्षिक नव्वद पौंडांवर कारकून म्हणून चिकटला. पहिली सात वर्षे वाईट गेली. उशिरा येणारा, कर्ज करणारा, वरिष्ठांना नकोसा झालेला कारकून अशी त्याची कीर्ती होती. 1841 साली आयर्लंडमध्ये जागा निघाली, ती कोणाला नको होती, ती त्याने मागून घेतली. तेथे तो सुधारला. घोड्यावरून गावोगाव फिरून टपालवाटा तपासणे, तक्रारींचा छडा लावणे, हिशेब पाहणे हे काम त्याला मानवले. आपण लिहायचे असे मनात तर केव्हापासून होते. 1843 साली त्याने पहिली कादंबरी आरंभिली.

पुढचा भाग प्रत्येक होतकरू लेखकाने नीट वाचावा असा आहे. पहिली कादंबरी 1847 साली निघाली. कोणी विचारले नाही. दुसरी 1848 साली निघाली; प्रकाशकाला नुकसान झाले. तिसरीचे वीस पौंड मिळाले. चौथी ‘द वॉर्डन’ 1855 साली आली आणि प्रशंसा झाली, तरी पहिल्या दोन वर्षांत तिच्यापासून हाती आले ते वीस पौंडांच्या किंचित वर. लेखणी उचलल्यापासून बारा वर्षे झाली होती. दगड फोडण्याच्या कामात याहून बरी मजुरी मिळाली असती, असा शेरा त्याने स्वतःच मारला आहे. या बारा वर्षांत घर चालले ते टपाल खात्याच्या पगारावर. पोटाला लागणारा पैसा लेखनातून काढायचा नव्हता, म्हणूनच लेखन बारा वर्षे तोट्यात चालू शकले. नोकरी किंवा दुकान लेखनाच्या आड येते असे मानणारे या बाजूकडे पाहत नाहीत. दुकान हे लेखनाचे भांडवल आहे. तेच पहिली बारा वर्षे व्याज न मागता रक्कम पुरवते.

आणि केवळ रक्कमच नव्हे. नैर्ऋत्य इंग्लंडच्या खेड्यांतील टपालाची घडी बसविण्यासाठी तो घोड्यावरून गल्लोगल्ली हिंडत असताना 1852 साली सॅलिस्बरी शहरी, तेथील थोर चर्चच्या परिसरात एका संध्याकाळी फिरताना, त्याला ‘द वॉर्डन’ची कल्पना सुचली. धर्मादाय निधीचा मूळ हेतू काय आणि त्याचे उत्पन्न कोण खातो, हा त्या कादंबरीचा प्रश्न आहे. ज्या समाजात घरटी एक तरी माणूस कोणत्या ना कोणत्या ट्रस्टवर विश्वस्त असतो, त्या समाजाने ती कादंबरी आवर्जून वाचावी. लिहिणाऱ्याने दुकान सोडून विषय शोधायला हिमालयात जाण्याचे कारण नाही, हेही यातून दिसते. विषय त्याच्या रोजच्या रस्त्यावरच उभा होता.

आता त्याच्या पद्धतीकडे वळावे. लंडनजवळ वॉल्थम क्रॉस येथे राहत असताना तो पहाटे साडेपाचला मेजापाशी बसे आणि साडेआठला उठे. न्याहारीनंतर टपाल खाते. पहिला अर्धा तास तो नवे काही लिहीत नसे. आदल्या दिवशी लिहिलेले वाचून काढी आणि वाक्यांचा नाद कानाने पारखी. मग घड्याळ पुढे ठेवून पाव तासाला अडीचशे शब्द या दराने लिहू लागे. अडीच तासांत असे दहा पाव तास येतात, म्हणजे हिशेब पुरा उतरला तर अडीच हजार शब्द. नवी कादंबरी आरंभताना तो एक वही आखी. आठवड्यांची घरे पाडी, आणि रोज किती पाने झाली ते त्या त्या घरात मांडी. अडीचशे शब्दांचे एक पान. आठवड्याची सरासरी चाळीस पाने. अडचणीच्या आठवड्यात ती वीसवर येई, आणि एकदा एकशे बारापर्यंत चढली होती. एखादे दोन दिवस आळसात गेले तर ती रिकामी घरे वहीतून त्याच्याकडे टक लावून पाहत आणि पुढच्या दिवशी भरपाई मागत.

ही वही म्हणजे कीर्दच होय. तिची खुबी अशी की ती गुणवत्तेबद्दल काहीच विचारत नाही. लेख चांगला झाला की वाईट, वाचक काय म्हणतील, हे प्रश्न त्या वहीत येत नाहीत. किती पाने, एवढेच. मुनीम विक्रीची नोंद करताना गिऱ्हाईक हसतमुख होते की नव्हते हे लिहीत नाही. लिहायला बसणाऱ्या पुष्कळ जणांचा घात असा होतो की ते लिहिता लिहिताच स्वतःचे परीक्षक होतात, आणि पहिल्या परिच्छेदाच्या पुढे जात नाहीत. ट्रोलपने पारख करण्याची वेळ वेगळी ठेवली होती, पहाटेचा पहिला अर्धा तास. आणि पारख करायची ती कालच्या मालाची, आजच्या नव्हे.

प्रवासही त्याने वाया जाऊ दिला नाही. टपाल खात्याच्या कामासाठी रेल्वेने सतत फिरावे लागे, तेव्हा त्याने मांडीवर ठेवून लिहिता येईल अशी एक फळी करविली आणि पेन्सिलीने डब्यात लिहू लागला. समोर बसलेल्या चारपाच प्रवाशांसमोर लिहिताना प्रथम संकोच वाटला, मग सवय झाली. ‘बार्चेस्टर टॉवर्स’ ही 1857 सालची गाजलेली कादंबरी बरीचशी अशी आगगाडीत लिहिली गेली; घरी पत्नी रोझ ती शाईने उतरवून काढी. 1858 साली टपालाच्या करारासाठी त्याला इजिप्तला जावे लागले. जहाज हेलकावत असे, पोट ढवळे, तो मेज सोडून जाई आणि परत येऊन त्याच वाक्यापासून पुढे लिही. इजिप्तच्या त्याच मुक्कामात ‘डॉक्टर थॉर्न’ संपली आणि दुसऱ्याच दिवशी ‘द बर्ट्रम्स’ सुरू झाली. 1871 साली ऑस्ट्रेलियाला जाताना तर त्याने आपल्या खोलीत मेज ठोकून घेतले आणि समुद्रावरच्या सुमारे आठ आठवड्यांत ‘लेडी अ‍ॅना’ पुरी केली. कल्याण-डोंबिवलीहून रोज काळबादेवीला येणाऱ्या माणसाच्या हातात आज फळी नसेल, मोबाईल असतो. उभ्या गर्दीत लेख होणार नाही हे खरे. पण परतीच्या गाडीत बसायला जागा मिळाली, तर पन्नास शब्द होतात. पन्नास शब्दांची पाच दिवसांत अडीचशेची रास होते, म्हणजे ट्रोलपचे एक पान.

मात्र या साऱ्या टापटिपीत एक नोंद अशी आहे जिच्यावर लेखक मंडळी फार वेळ थांबत नाहीत. पहाटे साडेपाचला ट्रोलपला उठवून कॉफी देण्यासाठी एक जुना नोकर होता. या जादा कामाबद्दल त्याला वर्षाला पाच पौंड जादा मिळत. ट्रोलपने मोठ्या मनाने लिहून ठेवले आहे की आपल्या यशाचे ऋण सर्वांत अधिक कोणाचे असेल तर या माणसाचे. यात मोठेपणा आहेच. पण लेखक साडेपाचला मेजापाशी बसतो तेव्हा कॉफी करणारा त्याच्या आधी उठलेला असतो, ही गोष्ट उरते. आपल्याकडील घरांत तो पाच पौंडांचा नोकर नसतो. ती पत्नी असते, सून असते, कधी आई असते. रात्री लेखकमहाशय दार लावून बसले की मुलांचा अभ्यास कोण घेतो, दारावर आलेल्या पाहुण्याला कोण सामोरे जाते, आणि रोझसारखी प्रत कोण उतरवून काढते, हे नावे टाकल्याशिवाय लेखनाचा ताळेबंद खरा होत नाही. ज्या घरात लेखनाची वेळ ठरविताना घरच्यांना विचारले जाते तेथे लेखन टिकते. ज्या घरात ती वेळ घरच्यांवर लादली जाते तेथे बहुधा दोन्ही बिघडतात. आणि लिहिण्याची इच्छा सुनेची असेल तर पहाटेचा चहा कोणी करावा, हा प्रश्न घराने स्वतःला एकदा विचारून पाहावा. फ्रान्सेस ट्रोलपला पहाटे चारला कोणी कॉफी दिल्याची नोंद नाही.

व्यापारी आणि लेखणी यांचे भांडण आपल्या परंपरेतही जुनेच आहे. जौनपूरला 1586 साली जन्मलेले बनारसीदास हे श्रीमाळ कुळातील जैन जवाहिरे. तरुणपणी ते विद्येत आणि कवितेत रमले, तेव्हा घरच्या वडीलधाऱ्यांनी बजावले की फार शिकणे हे ब्राह्मण-भाटांचे काम, वाण्याच्या पोराने दुकानावर बसावे, फार शिकणारा भीक मागतो. पंधराव्या वर्षाच्या सुमारास त्यांनी हजारेक पद्यांचा एक शृंगारप्रधान ग्रंथ रचला आणि पुढे मन पालटल्यावर मित्रांच्या देखत तो गोमती नदीत सोडून दिला. व्यापारात त्यांना यश थोडे आले. माल घेऊन आग्र्याला गेले ते ठोकर खात राहिले. इजारीच्या नाडीत बांधलेली रत्नेसुद्धा हरवली. खिशात दमडी नसताना रात्री घरी दहावीस श्रोत्यांपुढे ते प्रेमकाव्ये गात. त्या श्रोत्यांत एक कचोरीवाला होता. त्याच्याकडे ते उधारीवर खात. आपल्याजवळ पैसे नाहीत असे एके दिवशी त्यांनी स्पष्ट सांगितले, तेव्हा तो म्हणाला की वीस रुपयांपर्यंत खुशाल खा. असे सहासात महिने गेले. हिशेब झाला तेव्हा रक्कम चौदा रुपये निघाली, आणि पुढे धंद्यात थोडे हाती आल्यावर ती बनारसीदासांनी फेडली. एका रसिकाने एका लेखकाला दिलेले हे बिनतारण कर्ज असावे. याच माणसाने 1636 साली ‘समयसार नाटक’ आणि 1641 साली ‘अर्धकथानक’ लिहिले. हिंदीतील पहिले आत्मचरित्र म्हणून आज त्याच दुसऱ्या ग्रंथाचे नाव घेतले जाते, आणि मोगल काळातील छोट्या व्यापाऱ्याचे जिणे कसे होते हे पाहण्यासाठी इतिहासकार त्याच्याकडेच जातात. ट्रोलपसारखी आठवड्याची घरे त्यांनी आखली नव्हती. ते पन्नाशी उलटल्यावर लिहू शकले, कारण त्यांनी आयुष्यभर देणे-घेणे, भागीदारी, तोटा, प्रवास, मृत्यू सारे लक्षात ठेवले होते. चौदा रुपयांचा आकडासुद्धा. हिशेबी मनाची ही स्मरणशक्ती लेखनाला किती उपयोगी पडते, याचा याहून चांगला दाखला मिळणे कठीण.

तेव्हा दुकानदाराने लिहावे तरी काय, या शंकेला फार जागा राहत नाही. सांगलीच्या हळदीत कुळी हातात घेऊन, मोडून, रंग पाहून भाव सांगणारी माणसे अजून आहेत. कोल्हापुरी गुळाची ढेप फोडण्याआधीच तिची प्रत ओळखणारे अडते आहेत. लातूरच्या डाळमिलीत तूर कोणत्या ओलाव्यावर भरडली तर चुरा कमी पडतो हे बोटांनी सांगणारे जुने भागीदार आहेत. हे ज्ञान कोणत्याही पुस्तकात नाही, आणि मुलगा पुण्यात संगणकाची नोकरी करीत असेल तर ते गादीबरोबरच संपणार आहे. वर्षाला बारा लेख, प्रत्येकी हजार शब्द, एवढ्यात एका धंद्याचा तीन पिढ्यांचा अनुभव येतो. त्यात सांगावे काय आणि झाकावे काय याचा विवेक मात्र लिहिणाऱ्याला असावा. गिऱ्हाइकाची उधारी, भावाभावांतील वाटणी, दुसऱ्या पेढीची पडती बाजू या गोष्टी छापण्यासाठी नसतात. पेढीची पत जशी तोंडावर टिकते तशी लेखकाची पतही.

आखणी करताना पहिली चूक होते ती मापाची. माणूस आपल्या सर्वांत चांगल्या दिवसाचे माप घेऊन वर्षाचा बेत करतो. रविवारी दुपारी दुकान बंद असताना हजार शब्द झाले, म्हणून रोज हजार असे ठरवतो आणि बुधवारी मोडतो. माप घ्यावे ते वाईट दिवसाचे : माल उतरतो आहे, एक नोकर गैरहजर आहे, घरी पाहुणे आहेत, त्या दिवशीही जे होईल तेवढेच रोजचे ठरवावे. ते शंभर शब्द निघाले तर शंभर. ज्यांच्या घरी सूर्यास्तापूर्वी जेवण होते आणि संध्याकाळी पेढी मुलाच्या हाती असते, त्यांच्यापुढे रात्रीचे दोन-तीन तास मोकळे असतात, जे इतरांच्या वाट्याला येत नाहीत. त्यांतील दोन घटका, म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटे, लेखनाला द्यावीत. सामायिकाची बैठक ज्यांना सवयीची आहे त्यांना तेवढा वेळ एका जागी बसणे जड जात नाही. सामायिकाचा वेळ मात्र लेखनासाठी कापू नये. एका खात्यातून काढून दुसऱ्यात भरले म्हणजे उत्पन्न वाढत नाही.

वर्षाचेही हंगाम असतात. लग्नसराईत कापडवाल्याने, दिवाळीच्या तोंडावर भुसारवाल्याने, आणि मार्चअखेर कोणीच नवा लेख हाती घेण्याची प्रतिज्ञा करू नये. त्या आठवड्यांत केवळ टिपणे करावीत. गल्ल्याशेजारी एक छोटी वही असावी. गिऱ्हाइकाने विचारलेला विचित्र प्रश्न, वडिलांच्या तोंडून निसटलेला जुना भाव, बंद झालेल्या मापाचे नाव, असे जे कानावर पडेल ते एका ओळीत टिपावे. पावसाळ्यात बाजार थंड असतो, तेव्हा या ओळींचे लेख करावेत. धान्याचा व्यापारी हंगामात माल भरतो आणि बिगरहंगामात विकतो. लेखनात नेमके उलटे करावे लागते, बिगरहंगामात भरायचे आणि हंगामात पुरवायचे.

यासाठी शिलकी माल हवा. एखाद्या मासिकाला सदर लिहिण्याचे कबूल करण्यापूर्वी निदान तीन लेख तयार असावेत, आणि ते तीन नेहमी तीनच राहावेत. एक गेला की एक आत यावा. संपादकाला दर महिन्याच्या ठरलेल्या तारखेला लेख हवा असतो, आणि घरात कोणी आजारी पडते ते तारीख पाहून पडत नाही. ट्रोलपला हे चांगले ठाऊक होते. पुरी झालेली कादंबरीच छापायला द्यायची, अर्धी नाही, असा त्याचा नेम होता. 1859 साली ‘कॉर्नहिल’ मासिकाने ‘फ्रॅमली पार्सनेज’साठी हजार पौंड देऊ केले, तेव्हा घाईने तो नेम त्याला मोडावा लागला आणि ते त्याला रुचले नाही. एरवी त्याच्या खणात छापायच्या बाकी असलेल्या एक-दोन कादंबऱ्या सदैव असत. तो गेला त्यानंतरही त्याच्या खणातील पुस्तके निघत राहिली.

हिशेबाच्या या सवयीनेच त्याने नोकरी सोडण्याची वेळही ठरविली. सेवानिवृत्तिवेतन साठाव्या वर्षानंतर मिळायचे होते. त्याआधी बाहेर पडलो तर जेवढे वेतन बुडेल तेवढे उत्पन्न देणारी पुंजी लेखनातून साठली की मगच राजीनामा, असा त्याने निश्चय केला, तेवढी पुंजी साठविली, आणि 1867 साली बावन्नाव्या वर्षी टपाल खाते सोडले. पहिल्या लेखाच्या कौतुकाने हुरळून दुकान भावावर सोपवू पाहणाऱ्या तरुणांनी हा आकडा डोळ्यांपुढे ठेवावा : लेखनाचा आरंभ 1843, राजीनामा 1867.

या स्पष्टवक्तेपणाची किंमत त्याला मरणोत्तर द्यावी लागली. त्याचे आत्मचरित्र 1883 साली प्रसिद्ध झाले. त्यात घड्याळ होते, पानांची वही होती, लेखकाची तुलना चांभाराशी होती, आणि शेवटी प्रत्येक पुस्तकाची मिळकत एका खाली एक मांडून बेरीज केली होती : 68,939 पौंड 17 शिलिंग 5 पेन्स. रसिकांना हे सहन झाले नाही. ज्या कादंबऱ्या त्यांनी आवडीने वाचल्या होत्या त्या घड्याळ लावून लिहिल्या होत्या असे कळताच त्यांची गोडी कमी वाटू लागली, आणि त्याचे नाव बरीच वर्षे मागे पडले. व्यापाऱ्याच्या घरात वाढलेल्या वाचकाला या रागाचे नवल वाटेल. सोनार कसोटी लावून तोलतो म्हणून दागिना कुरूप होत नाही. तरी टीकाकारांच्या म्हणण्यात काहीच तथ्य नव्हते असेही म्हणवत नाही. ट्रोलपच्या काही कादंबऱ्यांत पाने भरल्याची खूण दिसते; आठवड्याची घरे पुरी करण्यासाठी ताणलेली प्रकरणे ओळखू येतात. वही किती लिहिले ते सांगते, काय टाकून द्यावे ते सांगत नाही. ते काम बनारसीदासांनी गोमतीच्या पुलावर एकदा, आणि एकाच वेळी पुरते, करून टाकले होते.

ट्रोलपची शेवटची कादंबरी ‘द लँडलीगर्स’ आयर्लंडवर आहे, जिथे त्याच्या लेखनाला आरंभ झाला होता त्याच देशावर. ती पुरी होण्यापूर्वीच एका साप्ताहिकात छापली जाऊ लागली. म्हातारपणी नेम पुन्हा एकदा मोडला. 3 नोव्हेंबर 1882 च्या रात्री त्याला अर्धांगवायूचा झटका आला आणि 6 डिसेंबरला तो गेला. साठ प्रकरणांचा बेत होता, तो अपुरा राहिला. पुस्तक निघाले तेव्हा मुलगा हेन्रीने टीप जोडून वाचकांना सांगितले की वडिलांनी आजारापूर्वी लिहिले ते एवढेच आहे.